कार्डावरची रेघ

१२ डिसेंबर, शुक्रवार. आरोग्य केंद्रात नव्या सेविकांचं प्रशिक्षण होतं, मला बोलावलं होतं. अकराला बोलले, मग जेवण, दोनच्या एसटीने घरी.

बाई, तिथे तुमचा हार घातलेला फोटो लावलाय. मला नेमकं त्याच्याखाली बसवलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, वजन घेताना चूक कुठं होते?" मी म्हणाले, काटा शून्यावर आहे का ते आधी बघायचं. हे काही खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर गिळलं, आणि तेव्हापासून मला तुमचा राग येतो आहे. तसा तो जुनाच आहे.

पाथर्डीकडचं ते गाव, दुष्काळाचं दुसरं वर्ष. मी नुकतीच नर्स होऊन तुमच्या हाताखाली आले होते. शाळा न पाहिलेल्या बायकांना तुम्ही पोरांची वजनं घ्यायला शिकवत होतात, आणि तुमच्याइतकं चांगलं शिकवताना मी पुढे कोणाला पाहिलं नाही, हेही लिहून ठेवते. लिंबाच्या फांदीला काटा, झोळीत पोर, माझ्या हातात कार्ड. या महिन्याचा ठिपका द्यायचा, मागच्या ठिपक्याला जोडायचा. रेघ वर गेली की पोर वाढतंय. पण उपासमारीत अंगावर सूज येते आणि तीही काट्यावर भरते, म्हणून पायावर अंगठा दाबून बघायचं, खड्डा राहिला तर पोर धोक्यात. हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर माफ करता येत नाही.

त्या खेपेला दुसऱ्याच दिवशी नगरहून साहेब तपासणीला येणार होते. तुम्हाला कार्डं पुरी करायची घाई. त्या गावची आपली सेविका, चाळिशीची विधवा, शेजारणीचं पोर कडेवर घेऊन आली. पोराची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. वजन चांगलं वाढलेलं निघालं. तुम्ही म्हणालात, "शाब्बास."

"बाई, वजन वाढलंय, पन पोर वाढलं न्हाई," ती म्हणाली. "फुगलंय त्ये. हसतबी न्हाई. पाय बगा त्येचं."

तुम्ही कार्डावरून मान वर केली नाही. "तुला वाचता येतं का गं?"

"न्हाई."

"मग रेघ मी वाचते. तू पोर धर."

बायका हसल्या. "लई शानी झाली आमची मास्तरीण!" मागून कोणीतरी म्हणालं. तिने पोराच्या पायावर अंगठा दाबला आणि तो पाय माझ्यापुढे धरला. तुम्ही पुढचं कार्ड मागितलंत.

नवव्या दिवशी पोर गेलं. तुम्ही म्हणालात, हगवण लागली असेल. ती सेविका परत आली नाही, तेव्हा तिला समजवायला तुम्ही मला पाठवलंत. स्वतः गेला नाहीत. ती दारात रेशनची तांबडी ज्वारी पाखडत बसली होती. सूप न थांबवता म्हणाली, "ताई, तुमी तर बगितला हुता ना पाय?" मी म्हणाले, बाईंनी बोलावलंय. तिने पुढचं सूप भरलं. मी निघून आले.

आणि तुम्ही पुढे आयुष्यभर भाषणांतून सांगत राहिलात, अडाणी बाईचं आधी ऐका! कोणत्या तोंडाने? मान वर करायला किती वेळ लागला असता?

तुमच्या शोकसभेत मी उभी राहून म्हणाले, बाई प्रत्येकीचं ऐकून घ्यायच्या. समोर सगळ्यांनी माना हलवल्या. खड्डा मी पाहिला होता, भरून यायला किती वेळ लागला तेही पाहिलं होतं. तुमच्या भीतीने बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. बायका हसल्या तेव्हा त्यांच्यात मीही हसले होते. त्यानंतर बोलायचं कसं?

दोरीवरचे कपडे वाळले असतील. काढून आणते.