आत्याबाई, कमोड आणि तीन पंप

३ नोव्हेंबर, सोमवार

कमोड तुंबला! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मिरजेहून दोन्ही गुडघे नवे बसवून आल्या, त्यांच्यासाठी मुद्दाम बसवलेला. महिनाभरही टिकला नाही. वरच्या मजल्यावरचा संडास उकिडवं बसायचा, आणि डॉक्टरांनी बजावलंय — उकिडवं बसणं कायमचं बंद.

प्लंबरला फोन केला. "वैनी, बहिणीचं लगीन हाय, ह्या आठवड्यात जमायचं न्हाई." तुळशीची लग्नं लागली की साताऱ्यातले सगळे कारागीर वऱ्हाडी होतात.

४ नोव्हेंबर

आत्याबाईंनी सकाळची भाकरी परत पाठवली. रात्रीचीही. मला वाटलं, माझ्या हातची चव — लग्नापासूनचा खटला तो. तर म्हणतात, "खाल्लं की जावं लागतंया. माज्यामुळंच तुंबला त्यो. मला रहिमतपूरला न्या."

गावाकडं, रहिमतपूरच्या जुन्या घरी उकिडवंच बसायचं. म्हणजे नव्या गुडघ्यांचं वाटोळं. आणि खाल्लं नाही तर जखम भरणार नाही, हेही डॉक्टरच म्हणालेत. एका कमोडवर केवढा भार!

५ नोव्हेंबर

ह्यांनी तुंबलेलं मोकळं करायचा पंप आणला. हे निवृत्त सुभेदार, सरहद्दीवर बर्फात उभे राहिलेले. पण दुकानात 'संडास' म्हणायचं धाडस झालं नाही. बायका होत्या म्हणे! लांबूनच बोट दाखवलं, "ते द्या." दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. लाल रबरी वाटी, लाकडी दांडा.

वाटी निघाली बेसिनची. कड सपाट. कमोडचं भोक उतरतं, खोल — कडेनं हवा सुटते, जोर वाया. हे 'एक-दो, एक-दो' करत राहिले. पाणी हललं. ह्यांच्या पायावर.

६ नोव्हेंबर

शेजारच्या नाथाजीरावांनी स्वतःचा पंप आणून दिला. बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा, प्लास्टिकचा. "आमचा कमोड कवाच तुंबत न्हाई," म्हणाले. असतात एकेक भाग्यवान.

भाता कडक. भोकावर बसेना. दाबला की कारंजं! भिंत धुतली, ह्यांना धुतलं.

आत्याबाई दिवसभर अर्ध्या कप चहावर. विचारलं तर, "गुरवार हाय. उपास." आवाज बारीक झालाय. चहात साखर घालायची राहिली होती, तरी टोमणा मारला नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

७ नोव्हेंबर

मीच गेले. पोवई नाक्याजवळचं तेच दुकान. काउंटरला टेकून चार पुरुष. मी मोठ्यानं म्हटलं, "संडासातला कमोड तुंबलाय. त्याला बसेल असा पंप दाखवा."

एकजण छताचा पंखा बघायला लागला.

दुकानदार बाळासो म्हणाले, "वैनी, जरा हळू की."

"हळू बोललं की बेसिनचा मिळतो," मी म्हणाले.

मिळाला एकदाचा. मऊ काळं रबर, आणि वाटीच्या आतून खाली उतरलेला गळा. तो भोकात शिरतो, म्हणून हवा सुटत नाही. वाटी बुडेल एवढं पाणी पाहिजे, पहिला दाब हळू, मग सरळ खालीवर. हे सगळं बाळासोंनी कुजबुजत सांगितलं, चोरीचा माल विकल्यासारखं. वर्तमानपत्र पुढं केलं. नको म्हटलं. दांडा खांद्यावर टाकून रिक्षात बसले.

घरी येईपर्यंत आत्याबाईंनी पिशवी भरून ठेवलेली. "उद्या सकाळच्या गाडीनं," म्हणाल्या.

८ नोव्हेंबर

सकाळी मीच दाबला. आधी वाटीबरोबर वर आल्या तंबाखूच्या रिकाम्या पुड्या — चार-पाच, चुरगाळून एकत्र रबर लावलेल्या. मग गडगडून पाणी गेलं. गावोगाव व्यसनमुक्तीवर भाषणं देणारे आमचे सुभेदार सावधानमध्ये उभे.

आत्याबाई वॉकर धरून दारात. पुड्यांकडं बघितलं. लेकाकडं बघितलं.

"माज्या हायत त्या," म्हणाल्या.

जन्मात तंबाखूला हात लावला नाही या बाईनं!

"बघत काय बसलीस, संयोगिता? भाकरी टाक. दोन टाक."