केसरच्या हातचा शेंदूर

मु. चौसाळा, आश्विन शु. १२, शके १८५१

चिरंजीव सुंदरराव यांस भगवानरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. औरंगाबादेस गेल्यापासून तुमचे पत्र नाही म्हणून तुमची बहीण केसर रोज माझ्यावरच डाफरते, जशी काही डाक मीच अडवून धरली आहे.

खंडेनवमीला आपल्या मोटारीची पूजा थाटात झाली. बैलगाडीची करतो तशी चारी चाके उतरवून धुतली. केसरने तेलात शेंदूर कालवून चाकांना आतून-बाहेरून चांगला थापला. आत कशाला, असे विचारले तर नजर काय बाहेरूनच लागती का, म्हणून मलाच गप्प केले. मग शेंदरासकट चाके चढवली.

तेव्हापासून एक नवे दुखणे लागले आहे. बीडची खेप करून येईतो चाकांचे नट ढिले पडतात. काल एक वाटेतच गळाला. शेवटी पान्याला लांब नळी अडकवली आणि वर उभा राहून आवळले. तुम्ही मोटारखान्यात काम करता, तर याचे कारण काय ते कळवावे. भाऊबीजेला येणे करावे. तुमच्यावर जीव आहेच, तो पत्र न पाठवून आटवू नये.

तुमचा,
भगवानराव

•

औरंगाबाद, आश्विन व. १

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी सुंदरचा शि. सा. न. वि. वि. आपले पत्र वाचून आधी हसलो आणि मग लगेच लिहायला बसलो.

दाजी, दुखणे त्या शेंदराचेच आहे. चाक लोखंडाला लोखंड भिडून बसले पाहिजे. मध्ये शेंदराचा थर राहिला की वजनाने तो दबतो, झिजतो, आणि घट्ट आवळलेला नट आपोआप सैल होतो. बैलगाडीच्या आखाला वंगण लागते. इथे वंगणच घात करते. तेव्हा चाके उतरवून आतली बाजू खरवडून लोखंड उघडे करावे. बोल्टाच्या आट्यांवरचे तेल पुसावे. नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा पाना लावून पाहावे.

नळीचा नाद सोडा. वर उभे राहिले की बोल्ट ताणला जातो, बाहेरून धड दिसतो आणि एक दिवस काडकन तुटतो. एक तुटला की बाकीच्यांवर भार येऊन तेही जातात. नवे बोल्ट आणि नट आजच पार्सलने धाडले आहेत. ते येईतो मोटार घाटात नेऊ नये, हे पाया पडून सांगतो.

पार्सलात ताईचे भाऊबीजेचे लुगडेही आहे. नट त्यातच गुंडाळले आहेत, जागा वाचावी म्हणून. लुगड्याला तेलाचा वास आला तर शिव्या मला घालाव्यात, पोस्टाला नकोत. लेकराप्रमाणे सांभाळून घेता, तसेच पुढेही घ्यावे.

आपला,
सुंदर

•

चौसाळा, आश्विन व. ४

चिरंजीव सुंदरराव यांस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमचे पत्र केसरला वाचून दाखवले. लई शहाणा झालाय म्हणे तिचा भाऊ, लहानपणी चप्पल उलटी घालायचा. लुगड्याचे ऐकून मात्र दिवसभर गुणगुणत होती.

तुमच्या सांगण्यावरून तीन चाके खरवडून लख्ख केली. चौथे राहिले. पुढचे, डाव्या हाताचे. त्याच्या आतल्या बाजूवर तिने दुसऱ्यांदा शेंदूर लावून पाची बोटे उमटवली आहेत. या मोटारीपायी तिने नारायणगडाला नवस बोलला आहे, आणि तो फिटेपर्यंत बोटे पुसू नका म्हणते. मी खरवडायला बसलो तर माझ्या हातातला विळाच काढून घेतला. तिचे डोळे भरून आले, मग माझ्याने होईना. ते एक चाक नळी लावून पक्के केले आहे.

परवा गडावर जायचे आहे. गावातली चार घरे बरोबर येणार, त्यांना शब्द दिला आहे. पार्सल आलेले नाही. घाट हळू उतरवीन, काळजी नसावी. आठवण ठेवता, ती अशीच ठेवावी.

तुमचा,
भगवानराव

•

चौसाळा, आश्विन व. ८

सुंदरराव, काय लिहू?

मांजरसुंब्याच्या घाटात परवा पुढचे डावे चाक निखळले. आधी एक आवाज झाला, मागोमाग दुसरा, आणि आमचेच चाक आमच्या पुढे घरंगळत गेलेले मी पाहिले. मोटार दरडीला घासून कलंडली. मागची माणसे खरचटण्यावर वाचली. केसर माझ्या शेजारी बसली होती, डाव्या अंगाला. ती बाहेर फेकली गेली. पाणी पाजायलाही वेळ मिळाला नाही.

बीडहून पोलीस अमीन आला, पंचनामा झाला. बोल्ट तुटलेले पाहून त्याने विचारले की आधी काही कळले नव्हते काय. मी कळले होते म्हणालो. तुम्ही पाया पडून सांगितले होते, हे मी सगळ्यांसमोर बोललो. मीच तिला मारली, सुंदरराव. तिचे मन मोडवले नाही आणि तिला मारली.

घरी आणल्यावर बाया म्हणाल्या की सवाष्ण गेली, अंगावर माहेरचे लुगडे पाहिजे. माहेर इतके लांब, कुठून आणावे? तेवढ्यात डाकवाला तुमचे पार्सल घेऊन दारात आला. शेजारच्या चतुराबाईने नट काढून कोनाड्यात ठेवले. लुगडे हिरवे होते. तिला नेसवले. तेलाचा वास येत होता.

मला क्षमा मागायचा हक्क नाही. लोभ असावा हे लिहायला हात धजत नाही.

भगवानराव

•

औरंगाबाद, आश्विन व. ११

दाजींच्या चरणी सुंदरचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचले. दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण लिहिले असते ते आपल्याने वाचवले नसते. राग आहे. तो राहील. पण ती आपल्यासाठी चाकांना शेंदूर लावायची, हेही मी विसरणार नाही.

भाऊबीजेला येणार होतो, तसा येतो. ओवाळायला कोणी नाही हे ठाऊक आहे. कोनाड्यातले नट तिथेच असू द्यावेत, मीच येऊन बसवीन. मोटार विकू नये आणि कोणाला वापरायलाही देऊ नये. शेंदरासकट ती दुसऱ्या कोणाच्या दारी जायला नको.

घाटातून ते चाक आणले असेल, तर त्याला हात लावू नये. ताईची बोटे त्यावर अजून असतील. आपल्याने खरवडवणार नाही. मी येऊन खरवडीन.

आपला,
सुंदर