मिठाची बरणी खाली काढ

पुणे

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवूनच लिहिते, पण रागात लिहिते.

फोनवर तू रडतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र. निकेश, भावा, आईला वाचून दाखवताना एकही ओळ गाळू नकोस.

मी बरी आहे. डायलिसिस नीट चाललंय, दिपिकाताई तिच्या घरी मला खूप जपते. फक्त तिच्या कुकरची शिट्टी झाली की डायलिसिसच्या मशीनचा अलार्मच वाजला असं वाटून मी दचकते. त्यासाठी दवाखान्याने एका बाईंकडे बोलायला पाठवलंय. त्यांनी विचारलं, "या आजाराचा राग कधी काढलात?" मी म्हटलं, "कुणावर काढू? माझ्यासाठी अख्खं घर अळणी जेवतं."

मग मी जी रडले, आई!

मिठागरावर जन्म गेलेली माणसं तुम्ही. किडन्या गेल्या, माझं मीठ बंद झालं, तेव्हा तू म्हणालीस, "तुला नाय, मंग आमाला पन नको गो." बरणी माळ्यावर गेली. कुणी सांगितलं होतं? तुमच्या त्या बेचव ताटांसमोर मला साधं "कंटाळले" म्हणता आलं नाही. वर सगळ्यांना कौतुक, नूतन किती सोसते! मला नाही सोसायचं.

बाबांचा खोकला कसा आहे?

पुढच्या महिन्यात घरी येते, रामवाडीच्या एसटी स्टँडवर निकेशला पाठव. त्या दिवशी खाडीतल्या निवटा माशांचं कालवण कर, चांगलं मीठ घालून. मी माझं अळणी खाईन, आजाराला शिव्या देईन, कदाचित ताटही आपटेन. तुम्ही उठू नका. जेवत राहा.

तुझीच रागीट,
नूतन