ध्वजाच्या टोकावरची नजर

१७ ऑगस्ट
पथकाचा ध्वज सायलीला. झालं! डोंबिवलीच्या मैदानात चिखल तुडवत सराव मी करायचा, ढोल बांधून कमरेवर वळ मी आणायचे, आणि गेल्या वर्षी आलेली ही बया सगळ्यांच्या पुढे. पथकप्रमुख मनीषदादा म्हणतो, "अगं, उंची आहे तिला." मग मी काय बुटकी?
आई म्हणाली, "मैत्रीण ना तुझी? आनंद मान की." मानला. जेवले नाही.

३० ऑगस्ट
सायलीची रीलं सगळीकडे. माझा ढोल मागे, तोही अर्धा. दादाचा तिला एकच नियम: नजर टोकावर. नजर हलली की ध्वज कलतो, ध्वज कलला की पथकाची इज्जत गेली. मान वर करून उभी असते तेव्हा दिसतेही छान, मेली.

७ सप्टें.
काल विसर्जन. चौकात समोरून दुसऱ्या मंडळाचा डीजेचा ट्रक, त्यावर लेझर. हिरवे झोत थेट तोंडावर. आम्ही माना खाली घालून वाजवलं. सायलीची नजर टोकावरच. ध्वज जराही कलला नाही. टाळ्या, शिट्ट्या. इतकी जळले मी!
आज सकाळी तिचा फोन. "प्राजू, डाव्या डोळ्यासमोर मधोमध काळा ठिपका आलाय गं. धुतला तरी जात नाही."

९ सप्टें.
ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सोबत मीच. डोळ्याचा पडदा भाजलाय, बरोब्बर मधोमध. रक्त साकळलंय. भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळतो ना, तसंच. लेझरचा झोत डोळ्याचंच भिंग एका टिंबावर आणतं. "मग तेव्हा दुखलं कसं नाही?" मी विचारलं. पडद्याला दुखणं कळतच नाही म्हणे. रक्त ओसरेल. जळलेलं परत येईलच असं नाही.
येताना रिक्षात वाटलं, ध्वज मला मिळाला असता तर हे माझं झालं असतं. आणि लगेच दुसरं... मग सगळे माझ्याकडे आले असते. शी!

१४ सप्टें.
सायलीच्या घरी अख्खं पथक. दादा शहाळी घेऊन. मला डेंग्यू झालेला तेव्हा एक कुत्रं फिरकलं नव्हतं. म्हणजे आता तिच्या फुटक्या डोळ्यावरही जळायचं का मी? जळतेय.
तिने उजवा डोळा हाताने झाकला, माझ्याकडे बघून हसली. "अय्या प्राजू, तुला तोंडच नाही! नुसते कान आणि केस." सगळे हसले. मला एकदम हायसं वाटलं. तिने हात काढेपर्यंत तोंड नीट करून घेतलं.

४ ऑक्टो.
ठिपका थोडा फिका झालाय. पण वाचताना मधलं अक्षर गायबच.
दिवाळी पहाटेला ध्वज मी घ्यावा, हे दादाला सायलीनेच सांगितलं. मला म्हणाली, "तूच घे गं. फक्त लेझर दिसला की टोकाकडे बघू नकोस. नियम गेला उडत."
देणारी पण हीच! मला ध्वज हवाय. देवाशपथ हवाय. हिने दिलेला नको होता.
दादाचा मेसेज येऊन पडलाय, हो की नाही. दोनदा 'हो' लिहून खोडलं.