कोऱ्या गाठीचा रिपोर्ट

५ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारतंय, आणखी वीस वर्षांत वाचता येईल.

तुझ्या वहिनीचं गर्भाशय काढून तीन आठवडे झाले. टाके सुकले. जीभ आधीपासूनच धडधाकट होती. काल गाठीचा राहिलेला रिपोर्ट आला. डॉक्टर अठरापर्यंत परगावी, म्हणून मी काउंटरवरच पाकीट फोडलं. पेशींना बेताल वाढू न देणारं पी-५३ नावाचं प्रथिन असतं, ते बिघडलं की पेशीत साठतं आणि तपासणीत गडद तपकिरी दिसतं, एवढं मी ग्रंथालयात बसून वाचून ठेवलं होतं. गडद म्हणजे वाईट. आपल्या रिपोर्टात काय लिहिलंय, तर पी-५३, गाठीत रंगाचा पूर्ण अभाव! डागसुद्धा नाही!

मी घरी अक्षरशः पळत आलो, संस्कृतच्या मास्तरला न शोभेल असा. ही पुस्तकांच्या बायंडिंगच्या टेबलाशी दोरा ओवत बसली होती. ऐकल्यावर सुई ठेवली आणि म्हणाली, मग त्या वीस तारखेच्या केमोच्या सलाइनची घाई कशाला? डॉक्टरांनी ती तारीख नुसती राखून ठेवली होती. मी फोन करून ती एप्रिलात ढकलली. दुपारी ही जी आडवी झाली ती पाचपर्यंत घोरत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तूही आता निर्धास्त घोर. लोभ आहेच, पत्राच्या लांबीवरून मोजू नये.

तुझा दादा


९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानंच वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं.

तीस वर्षं मी लॅबमध्ये गाठींच्या तपासणीच्या याच काचा रंगवते आणि तू मला सोडून ग्रंथालयात गेलास. अर्धंच वाचलंस रे. निरोगी पेशीत पी-५३ थोडं थोडं असतं. तिथे रंग येतो, पण कुठे फिका, कुठे जरासा गडद. बिघडलेलं साठलं की सगळं गडद होतं, ते तुला कळलं. पण कधीकधी जनुकच असं मोडतं की प्रथिन तयारच होत नाही. मग गाठ कोरी राहते. ती कोरी गाठ गडद गाठीइतकीच वाईट. अशा गाठी शस्त्रक्रियेनं थांबत नाहीत, त्यांना ती सलाइन लागतेच. अभाव हाही एक पदार्थ, न्यायशास्त्रातला सातवा, हे घोकून घेताना तू माझा कान पिळला होतास. आणि आता स्वतःच तिथे घसरलास.

एकच वाट उरते. रंग मुळात बसलाच नसेल तर? गाठीच्या कडेला निरोगी पेशी असतात, त्यांनी फिका रंग धरायलाच हवा. त्याही कोऱ्या असतील, तर चूक रंगवणाऱ्याची. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. तो मागून मला कुरियर कर. आणि वीसची तारीख परत मिळव. आजच.

रागावू नकोस, माया आटवू नकोस.

भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

ठोकळा पाठवला. काड्यापेटीहून लहान आहे. दोन्ही हातांत धरून नेला, तेव्हा कुरियरवाल्यानं विचारलं, काचेचं आहे का?

वीस तारीख गेली. जागा दुसऱ्या कोणाला दिली, आता सत्तावीस. हिला सांगितलं की क्लार्कनं घोळ घातला, सलाइन घ्यावीच लागेल. ती म्हणाली, घोळ घालायला तू पुरेसा होतास, क्लार्क कशाला हवा? मी हसलो. जमलं हसायला.

जन्मभर पोरांच्या वहीत चुका शोधल्या. आता कुठल्याशा अनोळखी माणसानं चूक केलेली असावी, म्हणून हात जोडून बसलो आहे. लवकर कळव.

दादा


१७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

दोनदा रंगवलं. एकदा माझ्या हातानं, एकदा शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून, काही न सांगता.

कडेच्या निरोगी पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर, सगळ्यांनी फिका तपकिरी रंग धरला आहे. जसा धरायला हवा तसा. मधली गाठ कोरी. आमच्या डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. पहिल्या लॅबचं काही चुकलेलं नाही.

दादा, तीस वर्षांत काच चांगली रंगली म्हणून मी पहिल्यांदा रडले.

सत्तावीस सोडू नकोस. आणि तिला सांग. शिरेत सुई जाण्याआधी तिला कळायला हवं की ती कशासाठी आहे.

सांभाळ, तिला आणि स्वतःलाही.

भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सांगितलं. सकाळी, स्वयंपाकघरात. तिनं गॅस बंद केला आणि तुझी दोन्ही पत्रं मागितली. मी अर्थ सांगू लागलो, तर म्हणाली, तू राहू दे. तुझं अक्षर तिला माझ्यापेक्षा बरं लागतं.

मग तिनं विचारलं, तुला कधी कळलं? मी खरी तारीख सांगितली. ती रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली की मी मला हवं तेच वाचतो, लग्नाआधीपासून. तेव्हा यापुढचे रिपोर्ट तू थेट तिला सांगायचे, मी मध्ये यायचं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला वर्गाबाहेर उभं केलं आहे.

तिचा एक प्रश्न तिच्याच शब्दांत पोचवतो. अशा कोऱ्या गाठी ज्यांच्या तू रंगवल्यास, त्यांतल्या आज किती जणी आहेत? गोडगोड लिहू नकोस, असंही सांगायला सांगितलं आहे.

पत्र तिच्या नावानं घाल. मी उघडणार नाही.

दादा


२५ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

आमच्याकडे माणसं येत नाहीत, तुकडे येतात. पुढचं आम्हाला कळत नाही. म्हणून तुझ्या प्रश्नासाठी मी रजिस्टरं काढली. सहा वर्षांत तुझ्यासारख्या अकराजणी होत्या. त्यांच्या डॉक्टरांना एकेक फोन केला. तीन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर.

दोघी आहेत. त्यातल्या एकीची काच मी गेल्या ऑक्टोबरातच रंगवली, तिला अजून वर्षही झालेलं नाही.

परवाच्या सलाइनला मी शेजारी असेन. रजा टाकली आहे, परतीची तारीख लिहिलेली नाही. तोवर माझ्यावरचा राग आणि लोभ, दोन्ही राखून ठेव.

तुझी नणंद