ऊठ, बाहेर हो

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

ताईचा आशीर्वाद. तू खुशाल आहेस असं धरून चालते, कारण तू कधी कळवत नाहीस आणि वाईट बातमी कुणीतरी पोचवतंच. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. अण्णांची प्रकृती ठणठणीत, डोकं तेवढं गेलंय. माझं नाव त्यांना आठवत नाही. परवा मला घरमालकीण समजून म्हणाले, "बाई, घर छान ठेवलंय हो तुम्ही." ज्यांच्या चपला वाजल्या की आपण श्वास धरून बसायचो, ते आता मी भरवते तसं मुकाट जेवतात. शेजारीण म्हणते, किती गरीब स्वभाव आहे वडिलांचा. मी म्हणते, हो ना.

माझ्या नोकरीचं सांगते. आमच्या केंद्राला सरकारनं एक काम दिलंय. इमारतीला आग लागली किंवा वायू गळला तर माणसं बाहेर का पडत नाहीत, याचा अभ्यास. तुला वाटेल, यात अभ्यास कसला? अरे, धोक्याची घंटा वाजली की माणसं आधी एकमेकांची तोंडं बघतात. मग कुणी पर्स शोधतं, कुणी चहा संपवतं, कुणी म्हणतं, रोजचंच आहे. धूर नाकात जाईपर्यंत कुणी ढिम्म हलत नाही. म्हणून घंटेऐवजी माणसाचा आवाज लावायचं ठरलं. प्रश्न एवढाच, की कुणाचा?

बातम्या देणारा आणला, निवृत्त फौजी आणला, एक नर्सबाई आणली. तिचा आवाज ऐकून एक गृहस्थ "काय गोड बोलते!" म्हणाले आणि खुर्चीत आणखी रेलले. खोटी कचेरी थाटायची, खरी माणसं बसवायची, खोटा धूर सोडायचा आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, असा आमचा उद्योग चालला होता. अनुदान संपत आलं होतं आणि संचालकांनी माझ्याशी बोलणं कमी केलं होतं.

अशात अण्णांना सांभाळणारी बाई एक दिवस आली नाही. मी त्यांना केंद्रात नेऊन व्हरांड्यात बसवलं. चहावाला आला आणि जिन्याचं दार उघडं टाकून गेला.

"ऊठ! बाहेर हो!"

अण्णाच ओरडले. वाचताना दाराकडे बघितलंस ना? बघ. पुढं मजा आहे. चहावाला तर पळालाच, पण शेजारच्या खोलीतली सगळी माणसं उठून बाहेर आली. आमचे संचालक फोन कानाला तसाच धरून जिन्यापर्यंत जाऊन उभे राहिले. मग सगळे एकमेकांना विचारायला लागले, की आपण उठलो कशाला? सुंभ जळला होता, पीळ तेवढा शाबूत होता. आमचा ध्वनितंत्रज्ञ धावत आला. "मॅडम, कोण हे? कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "घरून."

दुसऱ्या दिवशी त्यांना काचेच्या खोलीत माइकपुढं बसवलं, तर हे पाहुण्यासारखे लाजले. "उठा हं, जरा बाहेर चला." पुन्हापुन्हा घेतलं, तेच. दार मुद्दाम उघडं ठेवून पाहिलं, तर म्हणाले, "वारा छान येतोय." तंत्रज्ञ रडकुंडीला आला. "यांना राग कशाचा येतो हो?" मी म्हटलं, बघते. आणि काढला आवाज. कसा काढला, ते जाऊ दे.

चाचणीच्या दिवशी खोट्या कचेरीत मी कोपऱ्यातल्या टेबलाशी निरीक्षक म्हणून बसले होते. आवाज लागला आणि खोली धूर यायच्या आत रिकामी झाली. पर्सा तिथंच, चहा तिथंच. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, नंतर पडद्यावर पाहिलं. कारण मी भानावर आले तेव्हा टेबलाखाली होते. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, लहानपणी आपण दोघं बसायचो तसे. समोरच्या टेबलाखाली टंकलेखनाची बाई तशीच बसलेली. मी तिला ओळखतही नाही. तिनं हळूच विचारलं, "गेले का?"

मी म्हटलं, "गेले."

बाहेर आले तर आणखी एक गंमत. त्या दिवशीही अण्णांना बरोबर आणून व्हरांड्यात बसवलं होतं, तर ते तिथं नाहीत. स्वतःचाच आवाज ऐकून सगळ्यांच्या आधी उठले होते आणि फाटकापाशी हात जोडून उभे होते. मला बघून विचारलं, "कोण ओरडलं गं? माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "हो." आणि त्यांना संध्याकाळपर्यंत तिथंच उभं ठेवलं. थंडी होती. आयुष्यात इतकं बरं मला क्वचितच वाटलंय.

अहवाल मी लिहिला. जागचे न हललेले नगण्य, असं लिहिलं. संचालकांना तो शब्द फार आवडला. नगण्य म्हणजे ती बाई आणि मी. आणि तू.

तू कसा ते सांगते. तो आवाज मंजूर झालाय. आधी शाळांमध्ये लागणार आहे, आणि पहिल्या शाळांमध्ये तू शिकवतोस ती आहे. तुझ्या वर्गात फळ्याच्या वर परवा जो पांढरा डबा बसवला, तो आमचा. गुरुवारी चाचणी. तुमची शाळा वगळा, असं मी संचालकांना म्हटलं असतं तर त्यांनी वगळली असती. मी म्हटलं नाही. घर सोडताना तू म्हणाला होतास, "ताई, तू आहेस ना, तू सांभाळशील." सांभाळलं की. आता थोडं तू सांभाळ.

आता तो आवाज कसा काढला तेही सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल ते असंच कुणावर तरी ओरडतायत. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "अण्णा, बारक्यानं दार उघडं टाकलं." बस्स. माझं नाव ज्यांना आठवत नाही, त्यांना तुझं चटकन आठवलं. तोंड लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट, माइक हातानं उडवला. "बारक्या! ऊठ! बाहेर हो!" तंत्रज्ञ काचेपलीकडून दोन्ही अंगठे वर करून नाचत होता. पहिला शब्द त्यानं कापून टाकला. बाकी कुणाला तो ऐकू येणार नाही.

मी माफी मागत नाहीये. आवाज उत्तम आहे, बारक्या. त्यानं माणसं वाचतील, खरोखर वाचतील. आपण दोघं त्यातून वाचलो नाही, हा त्याचा दोष धरता येत नाही. प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीत कुणीतरी टेबलाखाली जाईल, हे मला ठाऊक आहे. भावाला पत्र लिहिता येतं. बाकीच्यांना मी ओळखत नाही.

पण तुझ्यापुढं पहिलीतली पोरं आहेत. तेवढी पोरं बाई किंवा गुरुजी हलल्याशिवाय हलत नाहीत, हे आमच्याच केंद्रात सिद्ध झालंय. तू खाली बसलास तर ती तुझ्याभोवती गोळा होऊन बसतील. गुरुवारी धूर नसेल, लोक फार तर हसतील. एखाद्या दिवशी असेल.

तेव्हा एवढं कर. गुरुवारी वर्गात शिरलास की दार उघडं टाक. अगदी सताड. आणि तो डबा ओरडला की लहानपणीसारखा दार लावायला धावू नकोस.

टेबलाखालून,
तुझी ताई