दुसरा दात काढू नकोस

ती. ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, शेजारीण बोलकी आहे. माझी काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते.

दात काढूनही जबडा दुखतोच, आणि आता शेजारचा दात काढायला निघालीस, असं भाऊजी म्हणाले. तेवढं थांब गं माझे आई!

पाळी गेली तेव्हा तू म्हणालीस, "सुटले बाई एकदाची." मीही तेच म्हणाले होते. परवा लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासता तपासता माझंही तपासलं. रक्ताची नळी यंत्रात फिरवल्यावर वर स्वच्छ पिवळं पाणी यायला हवं, माझं गढूळ आलं. खाणं तेच, काम तेच, तरी रक्तातली चरबी वाढलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं अंगातलं इस्ट्रोजेन हृदयाची राखण करत होतं. आता आपली आपण करायची." गोळी सुरू केली आहे, घाबरू नकोस.

पण बाईच्या हृदयाचं दुखणं छातीतच येईल असं नाही, पाठीत येतं, जबड्यातही येतं, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

भाऊजी सहज बोलून गेले, की धुणं घेऊन गच्चीवर चढताना तुझा जबडा धरतो आणि पायरीवर टेकलीस की दुखणं थांबतं. पत्र मिळताच हृदयाच्या डॉक्टरकडे जा. धुणं भाऊजी वाळत घालतील.

ताई, दाताला जिना कसा कळेल गं?

तुझी भुणभुण करणारी,
धाकटी